एका माणसापुरती पेटी

उस्मानचाचा समोरच्याच्या तोंडाकडे बघत नसत, छातीकडे बघत. पहिल्या भेटीत मला ते फार विचित्र वाटलं. मी नवा बदलून आलेला शिक्षक, पटनोंदणीसाठी मोहल्ल्यात फिरत होतो. साठीकडे झुकलेला, रुंद खांद्यांचा हा माणूस ओटीवर बसून मला न्याहाळत होता. मग म्हणाले, "मास्तर, चढण चढून आलात म्हणून तोंडानं श्वास घेताय. नाकानं घ्या. बसा." पाणी आलं, चहा आला, आणि त्यानंतर कुठे माझं नाव विचारलं गेलं.

आखातातल्या एका बंदरात त्यांनी बावीस वर्षं पाण्याखाली काढली होती. जहाजाचं बूड खरवडायचं, गंजलेला पत्रा पाण्यातच जोडायचा, पंख्यात अडकलेले दोर कापायचे. स्वतःला ते पाण्यातला गवंडी म्हणत. डावा कान त्या नोकरीतच गेला होता, त्यामुळे त्यांच्या उजव्या हाताला बसावं लागे. घाई हा प्रकार त्यांच्या अंगातच नव्हता. एसटी सुटताना दिसली तरी पावलं वाढवत नसत, दुसऱ्या गाडीनं जात. यामागचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. बरोबर काम करणारा केरळचा एक तरुण खोल पाण्यात घाबरला आणि सरळ वर सुटला. वर आला तेव्हा जिवंत होता, पण कमरेखालचं अंग लुळं पडलं होतं. चाचा दर ईदला त्याला फोन करत.

आमच्या बाजूची खाडी गढूळ. रंगीत मासे बघायला इथे कुणी बुडी मारायला येत नाही. हात लांब केला तर पंजा दिसत नाही अशा पाण्यात चाचा आणि त्यांचा जोडीदार जनार्दन उतरत. जनार्दन कोळीवाड्यातला, चाळिशीचा, तोंडाळ आणि कामाला वाघ. बोटींच्या पंख्यातली जाळी सोडवणं, तुटलेले नांगर शोधणं, जेट्टीचे खांब तपासणं ही त्यांची नेहमीची कामं. दिवेआगरला कधी एखादा पर्यटक बुडाला की पोलीस चाचांनाच बोलावत. त्या दिवशी घरी आल्यावर ते कुणाशी बोलत नसत, आणि जुबेदाचाचीही त्यांना काही विचारत नसे.

एरवी त्या घरात बोलायचं काम चाचीचंच होतं. बुटकी, गोरीपान बाई, आवाज एवढा की नवऱ्याच्या उजव्या कानाशी बोललेलं आम्हाला रस्त्यावर ऐकू यायचं. तिचा सगळा राग एका पेटीवर होता. ती लाल रंगाची पत्र्याची पेटी चाचांच्या पलंगाखाली असे. आत खऱ्या ऑक्सिजनची एक छोटी टाकी, वेगवेगळ्या पिशव्यांत बांधलेले दोन मास्क, नळ्या, कांबळं, कात्री. झाकणावर आतून ऑइलपेंटनं फोन नंबर लिहिलेले, आणि खाडीवरची फेरीबोट बंद असेल तर कुठल्या रस्त्यानं कुठल्या दवाखान्यात जायचं तेही. दर शुक्रवारी नमाजहून आल्यावर चाचा पेटी उघडत, काटा बघत, नळ्या हातानं चाचपत, परत बंद करत. पाण्यातून वाईट तऱ्हेनं वर आलेल्या माणसाला पहिल्या काही मिनिटांत ऑक्सिजन मिळाला तर तो वाचू शकतो, असं त्यांनी मला समजावलं होतं. ती पेटी होडीत असल्याशिवाय ते कुणालाही पाण्यात उतरू देत नसत. "माझ्या सुनेचे दागिने एवढे जपले नसते यांनी," चाची म्हणायची.

करोना आला, शाळा बंद झाल्या, आणि माझ्या हातात एक ऑक्सिमीटर आणि एक वही देऊन मला घरोघर फिरायला लावलं. त्यातच जूनमध्ये वादळ झालं. सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, घरांचे पत्रे खाडीत गेले, आणि जेट्टीला बांधलेल्या कितीतरी होड्या तळाला गेल्या. पावसाळ्यानंतरचा हंगाम तोंडावर होता. कोळीवाड्यातली माणसं चाचांच्या अंगणात येऊन उभी राहिली. चाचांनी काम घेतलं. होडीवर बसून वेळ लिहायला त्यांना माणूस हवा होता. कोण किती वाजता खाली गेला, कधी वर आला, एवढंच. शाळेच्या क्रीडास्पर्धांचं स्टॉपवॉच घेऊन मी सकाळचा सर्वे उरकला की त्यांच्या होडीवर जाऊ लागलो.

आजार कसा पसरतो याची पुरती खबर तेव्हा कुणालाच नव्हती, पण चाचांनी आपले नियम करून टाकले. प्रत्येकाच्या तोंडात धरून श्वास घ्यायच्या रेग्युलेटरला वेगळ्या रंगाचा दोरा. काम झालं की तो औषधाच्या पाण्यात बुडवून ठेवायचा, मग गोड्या पाण्यानं धुवायचा. पूर्वी खाली एकाची हवा संपली तर दोघं एकाच रेग्युलेटरवर आळीपाळीनं श्वास घेत वर येत. ते त्यांनी बंद केलं, आणि अडीअडचणीसाठी हवेची एक जादा टाकी तिच्या स्वतःच्या रेग्युलेटरसकट दोराला बांधून पाण्यात सोडून ठेवायला सुरुवात केली. रोज सकाळी जेट्टीवर ताप बघायचा. आणि सर्वांत शेवटी चाचीचा डबा. डोळे मिटून वास घ्यायचा आणि आत काय आहे ते सांगायचं. चाची कधी सुकट भरायची, कधी चहापत्ती, कधी खोबरं. एकदा तिनं डबा रिकामाच पाठवला आणि जनार्दननं "चाचीची अक्कल" असं उत्तर दिलं, तेव्हा चाचासुद्धा हसले होते.

सप्टेंबरपर्यंत बहुतेक होड्या वर आल्या. मग जेट्टीच्या खांबांचं काम निघालं. वर्ष तसं निभावलं असं वाटत होतं.

शिमग्याच्या सुमाराला एका सकाळी जनार्दननं डबा हुंगला आणि म्हणाला, "चहापत्ती." डब्यात सुकट होती. मला पाच हात लांबून वास येत होता. जनार्दननं डोळे उघडले, डब्यात बघितलं, पुन्हा हुंगलं. चाचांनी डबा त्याच्या हातातून काढून घेतला आणि त्याला घरी जायला सांगितलं.

तो दहा-बारा दिवस तापानं पडून होता. बरा झाला, आणि तीन आठवड्यांनी जेट्टीवर कामाला हजर झाला. चाचांनी त्याला पाण्यात उतरू दिलं नाही. आधी छातीचा फोटो काढ, डॉक्टरचं लिहून आण, असं सांगितलं. जनार्दन फोटो काढून आला. डॉक्टरांनी फोटोत डाग दाखवला होता, आणि निदान पावसाळा संपेपर्यंत बुडी नको म्हणून बजावलं होतं. जनार्दनच्या मते डाग म्हणजे काही आजार नव्हता. तो चालत होता, जेवत होता, होडी ओढत होता.

चाचा घरातून सायकलची एक जुनी ट्यूब घेऊन आले. पंक्चरच्या ठिगळावर बोट ठेवून म्हणाले, "रस्त्यावर ही चालंल. पर खालून वर येताना आतली हवा फुगते. ठिगळ हाय तिथंच ती फाटंल. तुझी छाती आता अशी हाय."

"तुमचा पोर आखातात हाय, चाचा," जनार्दन म्हणाला. "माझ्या घरावर अजून ताडपत्री हाय. दोन लेकी हायत. पाऊस दीड महिन्यावर आला."

चाचांनी त्याला होडीवर दोर धरायचं काम देऊ केलं. तो थांबला नाही. त्यानंतर ते दोघं बोलेनासे झाले.

तोवर दुसरी लाट आमच्या गावापर्यंत आली होती. माझ्या वहीत रोज नव्वदच्या खालचे आकडे पडू लागले. तालुक्याला खाट नाही, रुग्णवाहिका बाहेर, टाक्या कुठेच नाहीत. आणि चाचांच्या अंगणात, हवा भरायच्या कॉम्प्रेसरच्या बाजूला, दहा टाक्या ओळीनं उभ्या होत्या. त्या सगळ्या गावानं पाहिल्या होत्या.

पहिल्यांदा दिवेआगरचा गजानन आला. त्याची नारळाची वाडी वादळात गेली होती. आता वडील श्वासासाठी धडपडत होते. तो स्कूटरवरून उतरला तो थेट टाकीलाच मिठी मारून उभा राहिला. चाचा त्याला परोपरीनं सांगत होते की आपण बुडी मारायला वापरतो ती साधी हवा असते, अंगणात आहे तीच, दाबून भरलेली. आजारी माणसाला तिचा काही उपयोग नाही. गजाननला ते खरं वाटेना. चाचांनी एका टाकीचा व्हॉल्व उघडला. ती सगळी रिकामी होईपर्यंत सूंऽऽ करत राहिली आणि आम्ही तिघं ते ऐकत उभे होतो.

"मग हवा तरी द्या," गजानन म्हणाला.

त्यानं एक भरलेली टाकी स्कूटरवर घेतली. चाचांनी अडवलं नाही. तो गेल्यावर मी पेटीचं नाव काढलं. जेट्टीचं काम चालू होतं; जनार्दनच्या जागी आलेला नवा माणूस आणि ते स्वतः, दोघं रोज खाली जात होते. "माझा माणूस पाण्यात असताना पेटी देता येत नाय, मास्तर," ते म्हणाले. ते मला सांगत नव्हते, स्वतःलाच सांगत होते.

दोन दिवसांनी टाकी अंगणाच्या दाराशी ठेवलेली सापडली. गजानन आत आला नव्हता. चाचांनी काटा बघितला. टाकी रिकामी होती. कुणीतरी ती हवा म्हाताऱ्याच्या तोंडाशी शेवटपर्यंत धरली होती.

त्याच दिवशी चाचांनी जेट्टीचं काम थांबवलं. ठेकेदाराला सांगितलं की ही लाट ओसरेपर्यंत आमचं कुणी पाण्यात उतरणार नाही. उपकेंद्रातल्या नर्सताईंना जाऊन सांगितलं की माझ्याकडे ऑक्सिजनची एक टाकी आहे, गावात ज्याला लागेल त्याला न्या. पण ठेकेदाराला पावसाच्या आत खांब पुरे करायचे होते. त्यानं दुसरा माणूस शोधायला सुरुवात केली, आणि चाचा व त्यांचा नवा जोडीदार सोडले तर पाण्यात उतरणारा माणूस या किनाऱ्यावर एकच होता, घरी बसलेला.

पेटीची गरज पहिल्यांदा चाचांच्याच घरात लागली. रमजान चालू होता. चाचीला चार दिवस ताप होता. पाचव्या दिवशी सकाळी मी ऑक्सिमीटर तिच्या बोटाला लावला आणि आकडा बघून परत लावला. अठ्ठ्याहत्तर. ती तरीही मला म्हणत होती की मास्तर, तुमचं यंत्र बिघडलंय. चाचांनी पेटी ओढली, मास्क तिच्या तोंडावर बांधला, आणि तिथेच जमिनीवर बसून राहिले. मग म्हणाले, "गजाननला मी ही दिली नव्हती."

रुग्णवाहिका मिळेना, फेरीबोट बंद होती. चाचांच्या स्वतःच्या होडीचं इंजिन दुरुस्तीला उघडून पडलेलं होतं. खाडीपलीकडे आगरदांड्याला एक गाडी थांबवून ठेवता येईल, असं नर्सताईंनी फोन करून ठरवून दिलं. चाचीला खुर्चीवर बसवून आम्ही जेट्टीवर आणलं. भर दुपार होती. ओहोटी लागली होती आणि बोलावलेली होडी दिसत नव्हती.

मग एक होडी आली, पण ती आम्ही बोलावलेली नव्हती. ती ठेकेदाराची होती आणि तिच्यात जनार्दन होता. फळीवर अर्धवट बसलेला, एका हातानं छाती धरलेली, ओठांवर गुलाबी फेस. खाली तीन-चार वाव, म्हणजे वीसेक फूट पाण्यात खांबाशी काम करताना त्याला खोकला आला होता आणि तो झटक्यानं वर आला होता. होडी चालवणाऱ्या तांडेलानं दुसरा विचारच केला नाही. पाण्यातलं काही वाईट झालं तर उस्मानचाचांकडे पेटी आहे, हे किनाऱ्यावर सगळ्यांना माहीत होतं.

चाचा खुर्चीपाशी उभे होते. होडीकडे बघत होते. पेटीत मास्क दोन होते, नळ्या दोन होत्या. टाकी एक होती, आणि तिला तोंडही एकच. दोघांना एकदम देता येईल असा जोड त्यांच्याकडे नव्हता. इतक्या वर्षांत त्यांनी सगळा विचार केला होता, पण प्रत्येक वेळी एका माणसाचा.

चाचीनं मास्क बाजूला केला. "त्याला दोन लेकी हायत," ती म्हणाली. तेवढ्यानंही तिला धाप लागली.

आम्ही तिला त्याच होडीत घेतलं. चाचा दोघांच्या मधे गुडघ्यांवर बसले. त्यांनी मला घड्याळ लावायला सांगितलं आणि दर पाच मिनिटांनी मोठ्यानं सांगा म्हणाले, उजव्या बाजूनं. दुसरा मास्क जनार्दनला बांधला. मी पाच म्हटलं की ते नळी एका मास्कची काढून दुसऱ्याची लावत. नळी गेली की चाची डोळे मिटून घ्यायची आणि दोन्ही हातांनी होडीची कड धरायची. जनार्दन मात्र तडफडायचा. खाडीचं तोंड ओलांडताना लाटा लागल्या, तेव्हा चाचांनी एक हात तिच्या पाठीशी आणि एक त्याच्या पाठीशी असे दोघांना धरून ठेवलं. टाकीचा काटा मी बघत होतो. कुणाला काय म्हणावं ते मला सुचत नव्हतं, मी फक्त आकडे म्हणत होतो.

आगरदांड्याची जेट्टी दिसायला लागली तेव्हा नळी जनार्दनकडे होती. त्याचे ओठ निळे पडले होते, मान सैल झाली होती. मी पाच म्हटलं. चाचांचा हात हलला नाही. त्यांना ऐकू गेलं नसेल म्हणून मी पुन्हा म्हटलं.

"अजून," चाचा म्हणाले.

त्यांनी चाचीकडे बघितलं नाही. मी बघितलं. तिनं कड घट्ट धरली होती आणि डोळे मिटलेले होते. मग चाचांनी नळी काढून तिला लावली. थोड्याच वेळात काटा शून्यावर आला, आणि गाडीपर्यंतचं अंतर तिनं ऑक्सिजनशिवायच काढलं.

सरकारी रुग्णालयात जनार्दनच्या छातीत नळी घालून कोंडलेली हवा काढली. तो वाचला. चाचीला खाट मिळाली, ऑक्सिजनही मिळाला. चौथ्या दिवशी ती गेली. तिला घरी आणता आलं नाही. पाच माणसांनी तिला तिकडेच दफन केलं, त्यांतले तीन तिला न ओळखणारे.

डॉक्टरांनी चाचांना सांगितलं की त्या होडीतल्या काही मिनिटांनी काही फरक पडला नसता, फुप्फुसं आधीच गेली होती. चाचांनी मान हलवली. मला वाटलं, पटलं असेल. महिन्याभरानं पावसात ते शाळेत आले. शाळा रिकामीच होती. मी कार्यालयात तक्ते लावत बसलो होतो. ते बाकावर बसले, टोपी काढून हातात धरली.

"ते ‘अजून’ म्हटलं मी," ते म्हणाले, "ते किती होतं, मास्तर?"

मी लिहिलं होतं. सवयीनं हात चालत होता. ती वही माझ्या टेबलाच्या खणात होती, आम्हा दोघांपासून दोन हातांवर. मी म्हणालो की गडबडीत तेवढं लिहायचं राहून गेलं.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग "बरं" म्हणाले, टोपी घातली आणि पावसात निघून गेले. ती वही मी अजून फाडलेली नाही. दोन मिनिटं चाळीस सेकंद.

जनार्दन पुन्हा पाण्यात उतरला नाही. बरा होऊन आला तसा रोज सकाळी चाचांच्या ओटीवर येऊन बसू लागला. विहिरीचं पाणी भरून द्यायचा, अंगण झाडायचा. चाचा त्याला एका शब्दानं काही म्हणाले नाहीत आणि तेच त्याला सोसत नव्हतं. "शिवी तरी द्यायची," तो एकदा मला म्हणाला. "तिच्या वाट्याचा श्वास मी घेतला. घरात पाऊल ठेवलं की भांडी दिसतात तिची." त्याच्या घरावर त्या वर्षी पत्रे चढले. चाचांनी कॉम्प्रेसर आणि टाक्या विकल्या होत्या, आणि ते पत्रे कुठून आले हे जनार्दननं कधी विचारलं नाही. विचारायची त्याला भीती वाटत होती.

पेटी मात्र राहिली. तिच्यात आता तीन टाक्या होत्या, आणि एका टाकीला दोन नळ्या लावता येतील असे पितळी जोड, मुंबईहून मागवलेले, सहा. जनार्दनला बरोबर घेऊन चाचा ती एसटीनं गावोगाव नेऊ लागले. फेरीवरचे खलाशी, पर्यटकांना होडीतून फिरवणारे, आशाताई, ज्याला शिकायचं असेल त्याला टाकी कशी जोडायची, नळी किती उघडायची, माणसाला कसं निजवायचं हे शिकवायचे. मुलानं आखातात बोलावलं, ते गेले नाहीत. बोलणं अगदीच कमी झालं होतं. शिकवतानासुद्धा बरंचसं हातानंच दाखवायचे, असं ऐकलं.

माझी बदली म्हसळ्याकडे झाली. दोन वर्षांनी प्रशिक्षणाला जाताना एका गावात एसटी बदलायची होती. रस्त्यालगत आरोग्य उपकेंद्र होतं आणि व्हरांड्यात सात-आठ बायका गोलाकार बसल्या होत्या. मधे सतरंजीवर उस्मानचाचा उताणे झोपले होते. शिकवण्यासाठी रोगी झाले होते. दाढी पुरती पांढरी झाली होती. एक तरुण आशाताई त्यांच्या डोक्यामागे मास्कचा पट्टा बसवत होती, आणि भिंतीला टेकून उभा असलेला जनार्दन तिला पट्टा कानाच्या वरून घ्यायला सांगत होता. तिनं नळी लावली, चावी फिरवली, काटा वाचून दाखवला. सगळं बरोबर होतं. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

मी कुंपणापाशी गेलो होतो. हाक मारणार होतो.

"चाचा, झालं. उठा," ती म्हणाली.

चाचा उठले नाहीत. डोळे मिटलेले होते. तिनं घाबरून जनार्दनकडे बघितलं, आणि मास्क काढायला हात पुढे केला.

"राहू दे जरा," चाचा मास्कच्या आतून म्हणाले.

तिनं हात मागे घेतला. चाचांनी दोन्ही हातांनी सतरंजीची कड धरली होती. माझी एसटी आली, कंडक्टरनं दोनदा हाक मारली, आणि मी निघालो तेव्हा त्या सगळ्या बायका तशाच बसून होत्या.